काळी दोनची पट्टी : गायकाचा उतारवयातला अनुताप आणि मरणाचे गाणे

नवीन पनवेलहून माथेरान रस्त्याने नेऱ्याकडे निघाले की सुकापूर लागते. जुने गाव, त्याला लागून उभ्या राहिलेल्या इमारती आणि त्यांत राहायला आलेली घाटावरची, कोकणातली, खानदेशातली माणसे, असा इथला आजचा संसार आहे. एकादशीच्या रात्री देवळात भजन बसते. मागच्या पावसाळ्यात अशाच एका रात्री मी पेटीच्या जवळ बसलो होतो. पेटीवाल्या मुलाने पांढरी तीन धरली. बुवांनी एक ओळ म्हटली, थांबले आणि हळूच म्हणाले, ''काळी दोनला घे रे बाळा.'' पखवाजवाल्याने हातोडी काढून गठ्ठे सैल केले, शाईवर बोट मारून सूर पाहिला, धुमाच्या कणकेला पाण्याचा हात लावला. मंडळींनी टाळ मांडीवर ठेवून वाट पाहिली. मग करुणेचा अभंग सुरू झाला.

नंतर चहा घेताना बुवांना विचारले, तर कळले की तिशीत त्यांची पट्टी पांढरी पाच होती. पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन आणि आता काळी दोन. एका माणसाचे चाळीसपंचेचाळीस वर्षांचे आयुष्य पेटीवर चार पट्ट्या खाली उतरले होते. अभंग मात्र तेच होते.

मराठी गाण्यात उतारवयाचा पश्चात्ताप आणि मरणाची जाणीव कशी येते, हे समजून घ्यायचे तर त्या काळी दोनपासूनच सुरुवात करायला हवी.

अनुताप : शब्द आणि त्याचे घर

'पश्चात्ताप' हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. संतांच्या वाङ्मयात त्याच्याइतकाच, किंबहुना जास्त आपुलकीने येणारा शब्द म्हणजे 'अनुताप'. दोन्हींत ताप आहे, म्हणजे जळणे आहे. पण रोजच्या पश्चात्तापात झालेल्या एका चुकीची हळहळ असते, तर संतांच्या अनुतापात सगळ्या आयुष्याकडे मान वळवून पाहणे असते. आजवर कशाच्या मागे धावलो आणि ते कशासाठी, हा त्यातला प्रश्न.

या अनुतापाला गाण्याचे रूप देण्याची रीत फार जुनी आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात विदेहनगरीची गणिका पिंगला येते. गिऱ्हाइकाची वाट पाहत ती रात्रभर दारात उभी राहते, आणि त्या वाट पाहण्यातच तिला स्वतःच्या जगण्याचा वीट येतो. तिच्या तोंडी जे येते ते गीतच आहे. त्याच स्कंधात पुढे संपत्ती गमावलेल्या कृपण ब्राह्मणाचे भिक्षुगीत आहे आणि उर्वशीच्या मोहातून जागा झालेल्या पुरूरव्याचे ऐलगीत आहे. एकाच स्कंधात अनुतापाची तीन गाणी! एकनाथांनी १५७३ साली काशीत या स्कंधावरची मराठी टीका पूर्ण केली आणि ही तिन्ही माणसे मराठी श्रोत्यांच्या ओळखीची झाली. रामदासांनी तर करुणाष्टके रचून अनुतापाला रोजच्या सांजवातीच्या वेळेला आणून बसवले.

भजनी मंडळांच्या वह्यांत अभंगांची वाटणी आजही आढळते : नामपर, संतपर, उपदेशपर, वैराग्यपर, करुणापर. करुणापर अभंगाची घडण बहुधा ठरलेली असते. आधी दोषांची कबुली, मग आपल्याच्याने काही होणार नाही ही हतबलता, आणि अखेर पाय धरणे. यात सबबीला जागा नाही. 'परिस्थितीच तशी होती' हे वाक्य करुणापर अभंगात मला कुठे सापडले नाही.

गाण्यातला 'मी' कोणाचा?

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. पश्चात्ताप ही बाब अगदी खाजगी. पण अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. तुकोबांची, नामदेवांची, चोखोबांची, जनाबाईची. गाणारा म्हातारा 'मी पापी' असे म्हणतो तेव्हा तो 'मी' सतराव्या शतकातला किंवा चौदाव्या शतकातला असतो. त्या 'मी'च्या आडोशाने गाणारा स्वतःचे मन मोकळे करतो. कोणी त्याला विचारत नाही, बुवा, तुमचे कोणते पाप? आणि विचारूही नये.

हा आडोसा मला फार मोलाचा वाटतो. ज्या माणसाने आयुष्यात कधी बायकोपाशी चूक कबूल केली नाही, तोही चारचौघांत टाळ घेऊन ती कबूल करू शकतो. शब्द संताचे, सूर आपला. ऐकणाऱ्याला दोन्ही एकदम ऐकू येतात.

मुद्रा फक्त आडोसाच देते असे नाही, ती धीरही देते. ज्याचे नाव शेवटी येते तोही याच वाटेने गेला, हे गाणाऱ्याला ठाऊक असते. देहूला दर वर्षी फाल्गुन वद्य द्वितीयेला बीज साजरी होते. तुकोबांच्या जाण्याचा तो दिवस, आणि गावोगावची मंडळे तो गाऊनच पाळतात.

डफ ठेवून वीणा घेणारे

संतांचे सोडा, पण ज्यांनी उभे आयुष्य शृंगार गायिला त्यांचे काय? पेशवाईतल्या शाहिरांची चरित्रे इथे उपयोगी पडतात.

संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) हे त्यांतले ठळक नाव. आडनाव घोलप, मलिक फंदी नावाच्या फकिराशी असलेल्या मैत्रीमुळे 'फंदी' हे नाव चिकटले, असे सांगतात. लावण्या आणि तमाशा हा त्यांचा धंदा होता. आख्यायिका अशी, की अहिल्याबाई होळकरांनी त्यांचा फड ऐकला आणि ही बुद्धी भलत्या कामी खर्च करतोस, असे त्यांना सुनावले. फंदींनी डफ टाकला आणि ते कीर्तन करू लागले. आख्यायिकेतला तपशील कोणी कमीजास्त मानावा, पण लावणीकार फंदी आणि उपदेशपर फटके रचणारे फंदी हे दोन्ही आपल्यापुढे आहेत. त्यांनीच 'श्रीमाधवनिधन' हे ओवीबद्ध काव्य रचले. सवाई माधवराव पेशव्यांचा मृत्यू १७९५ सालचा, शनिवारवाड्यातला. एकविशीतला धनी असा गेलेला पाहणाऱ्या त्या पिढीला मरण शिकवायला वेगळा गुरू लागला नसणार.

सोलापूरचे राम जोशी यांची वाटही अशीच लावणीकडून कीर्तनाकडे जाते. विद्वान घरातला मुलगा तमाशात गेला म्हणून घरातून बाहेर पडला, शिकून परतला, आणि पुढे डफ व चिपळ्या या दोन्हींशी त्याचे नाव जोडले गेले.

फटक्याबद्दल माझे एक मत आहे. फटका हा पश्चात्तापाचा करडा भाऊ आहे. करुणापर अभंगात गाणारा देवाशी बोलतो आणि दोष स्वतःचा सांगतो. फटक्यात तो लोकांशी बोलतो आणि दोष त्यांचे सांगतो. ठेच खाल्लेला माणूस पुढच्याला खड्डा दाखवतो, हा त्यातला प्रामाणिक भाग. पण स्वतःची ठेच तो फटक्यात क्वचितच दाखवतो. म्हणून फटका पाठ होतो आणि करुणेचा अभंग रडवतो.

बालगंधर्व : तेच अभंग, दोन वये

मराठी संगीतात उतारवयाचे सर्वांत हृद्य प्रकरण बालगंधर्वांचे आहे. त्यासाठी थोडा मागचा हिशेब पाहावा लागतो.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८चा. लोकमान्य टिळकांनी दिलेले 'बालगंधर्व' हे नाव आयुष्यभर राहिले. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत ते आले, शकुंतला झाले, आणि महाराष्ट्रातल्या बायका त्यांच्या साडीचोळीची नक्कल करू लागल्या. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला. १९१३ साली स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. खरे दागिने, भारी शालू, अत्तरे, पंगती आणि कर्ज, सगळेच मोठे होते.

या वैभवाच्या काळातच १९३१ साली ना. वि. कुलकर्ण्यांचे 'कान्होपात्रा' रंगभूमीवर आले. संगीताला मास्टर कृष्णरावांचा हात होता. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही मुलगी. तिला राजवाड्यात नेण्याचा हुकूम सुटतो आणि ती पंढरपुरात विठोबाच्या पायाशी देह ठेवते. पिंगलेची ही मराठी नात म्हणावी. नाटकात संतांचे अभंग होते, खुद्द कान्होपात्रेचे आर्त अभंगही होते. गंधर्व तेव्हा ४३ वर्षांचे होते. गळा भरात, अंगावर भूमिकेची वस्त्रे, समोर भरलेले नाट्यगृह. तो पश्चात्ताप कान्होपात्रेचा होता, आणि ती मरत होती रोज रात्री पडद्यापूर्वी.

बोलपटांनी नाटक कंपन्यांचे दिवस संपवले. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त गंधर्व एकनाथ झाले. ('महात्मा' हे आधीचे नाव सेन्सॉरने बदलायला लावले होते.) अनुतापाची ती तीन गीते मराठीत आणणाऱ्या नाथांचीच भूमिका त्यांच्या वाट्याला यावी, याचे मला नेहमी नवल वाटते. चित्रपट त्यांना मानवला नाही, ते परत रंगभूमीवर आले. १९३८च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी या गायिका-नटी त्यांच्या कंपनीत आल्या. १९५१ साली त्यांच्याशी विवाह झाला. हळूहळू पायांतली शक्ती गेली, पैसा गेला, जवळची माणसे दुरावली. १९६४ साली गोहरबाईही गेल्या. त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात गंधर्वांचे निधन झाले.

या अखेरच्या वर्षांत ते भजने गात. स्त्रीवेश नाही, रंगमंच नाही, चालता येत नाही. बसून, मिळेल त्या साथीवर, भजन. जे अभंग त्यांनी ४३व्या वर्षी कान्होपात्रेच्या वेशात गायिले, तशाच अभंगांची सोबत त्यांना पुढे वेशाविना उरली. गंधर्वांनी आपल्या उधळपट्टीबद्दल काय वाटते याची जाहीर कबुली लिहून ठेवली नाही, आणि मी त्यांच्या तोंडी ती घालणार नाही. पण करुणेच्या शब्दांत तेव्हा भूमिका किती आणि माणूस किती, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे उरले नाही. भूमिकाच उरली नव्हती.

उतारवयातल्या गाण्याबद्दल बोलताना आपण नवी निर्मिती शोधतो : शेवटचे नाटक, शेवटची चीज, शेवटची ध्वनिमुद्रिका. मराठी परंपरेत ती बहुधा सापडत नाही. इथे जुनेच गाणे नव्या वयात गायिले जाते, आणि बदल होतो तो गाणाऱ्याच्या अंगात.

कुमारांचे निर्गुणी : पश्चात्तापाविना मरण

मरण आणि पश्चात्ताप यांची जोडी मात्र अतूट नाही. त्याचे उदाहरण कुमार गंधर्व.

बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेल्या या मुलाला मरण म्हातारपणी भेटले नाही, तेविशीत भेटले. क्षयाचे निदान झाले, डॉक्टरांनी गाणे बंद केले. जानेवारी १९४८मध्ये हवापालटासाठी ते माळव्यात देवासला आले. अंथरुणावर पडून खिडकीतून जे ऐकू येई ते ऐकत राहिले : बायकांची लोकगीते आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. स्ट्रेप्टोमायसीन आले, जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. १९५३च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले.

त्यांच्या कबीराच्या निर्गुणी भजनांत मरण सारखे येते. शरीर हे घर, जीव हा एकटाच उडून जाणारा पक्षी. पण त्यात 'माझे चुकले' हा सूर जवळजवळ नाही. करुणापर अभंग पायांवर डोके ठेवतो. निर्गुणी भजन मान वर करून मोकळ्या आभाळाकडे पाहते. कुमारांच्या उरलेल्या श्वासालाही तेच मानवले असावे. लांबलचक तान सोडून लहान, धारदार तुकड्यांनी त्यांनी गाणे बांधले, आणि दोन तुकड्यांमधली शांतताही गाण्यात घेतली. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच ते गेले. मृत्यूचे गाणे ऐकायचे असेल तर कुमारांकडे जावे. पश्चात्तापाचे ऐकायचे असेल तर बालगंधर्वांकडे.

समुद्रापलीकडचे दोन म्हातारे

हाच विषय अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या दोन गायकांच्या संदर्भात जगभर बोलला जातो. जॉनी कॅश या अमेरिकी गायकाने १९९४ साली, साठी ओलांडल्यावर, एक गिटार आणि आवाज एवढ्यावर ध्वनिमुद्रिका काढली. २००२ साली त्याने ट्रेंट रेझनर या तरुण संगीतकाराचे 'हर्ट' हे गाणे गायिले. रेझनरने ते तिशीच्या आत लिहिलेले. सत्तरीच्या कॅशच्या थरथरत्या गळ्यातून ते सगळ्या आयुष्याच्या पश्चात्तापाचे गाणे झाले. पुढच्याच वर्षी, बायको जून हिच्या पाठोपाठ चार महिन्यांत, तो गेला. म्हणजे तिथेही शब्द दुसऱ्याचेच लागले. फक्त तिथे शब्द तरुणाचे होते, आणि आपल्याकडे ते आपल्याहून कितीतरी थोरल्या माणसाचे असतात.

कॅनडाचा लेनर्ड कोहेन मात्र आपले शब्द आपणच लिहीत असे. त्याच्या हयातीतला अखेरचा गीतसंग्रह २१ ऑक्टोबर २०१६ रोजी निघाला आणि ७ नोव्हेंबरला, ८२व्या वर्षी, तो वारला. त्या संग्रहाच्या शीर्षकगीतात त्याच्या आवाजामागे माँट्रियलच्या सिनेगॉगचा गायकवृंद आहे. त्याच्या घराण्याचे ते प्रार्थनास्थळ. आयुष्यभर एकट्याने लिहिणाऱ्या माणसाला शेवटी मागे टाळकरी हवेसे वाटले, असे मी ते ऐकतो.

वय गळ्यात कसे उतरते

आता परत काळी दोनकडे. वय वाढले की स्वरतंतूंचा लवचीकपणा कमी होतो, फुप्फुसांचा भाता लहान होतो, वरचे सूर आधी साथ सोडतात. आवाजात कंप येतो. एका श्वासात बसणारी ओळ दोन श्वासांत तुटते. मैफलीच्या गायकाला हे लपवावे लागते किंवा गाणे आवरते घ्यावे लागते. १९५३ साली स्वतः सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशी २००७ साली, ८५व्या वर्षी गायला बसले. तेव्हा लोकांनी ऐकले ते तानांची ताकद मोजायला नव्हे. ज्या गळ्याने घरोघरी संतवाणी पोचवली, तो गळा अजून सुरात आहे, एवढेच त्यांना पुरेसे होते.

भजनाची गोष्ट त्याहून सोपी आहे. भजनाचा साचाच म्हाताऱ्या गायकाला सांभाळून घेतो. बुवा एक ओळ म्हणतात, मागचे झिलकरी तीच उचलतात. ती चार वेळा फिरते, तोवर बुवांना चार श्वास मिळतात. बुवांचा सूर जिथे पोचत नाही तिथे मागचा पंचविशीतला पोरगा तो लावतो. त्या रात्री सुकापुरात मी हे अगदी जवळून पाहिले. अंतऱ्याच्या वरच्या षड्जाला बुवांनी फक्त हात वर केला, तोंड उघडले, आणि सूर मागून आला. कोणी हसले नाही, कोणी दखलही घेतली नाही. पखवाजाची लग्गी सुरू झाली आणि अभंग पुढे सरकला.

पश्चात्ताप एकट्याचा असतो असे आपण समजतो. भजनात शब्द संतांचे, श्वास मंडळाचा आणि थरथर तेवढी बुवांची असते. मरणाकडे निघालेल्या माणसाला इतकी सोबत देणारी दुसरी गायनरीत मला माहीत नाही.

हीच मंडळी गावात कोणी गेले की दशक्रियेला आणि तेराव्याला गायला बसतात. म्हणजे बुवांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मरणाला गाऊन स्वतःच्या मरणाची तालीम केलेली असते.

वाचकाला एक विनंती

बालगंधर्वांचा ऐन उमेदीचा आवाज तीनसव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांत राहिला, तेवढा तरी राहिला. आपल्या गावच्या, आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर भजनाला बसणाऱ्या बुवांचा आवाज कुठेच नोंदलेला नसतो. त्यांच्या चाली तर कोणत्याही वहीत नसतात. वहीत फक्त शब्द असतात.

पुढच्या एकादशीला मोबाइल घेऊन जा. बुवांची परवानगी घ्या, मोबाइल पेटीपासून हातभर दूर ठेवा, नाहीतर पेटीच सगळे व्यापते. खोकला, मधले बोलणे, पखवाज लावण्याचा आवाज, काही कापू नका. करुणेचा एक अभंग पूर्ण घ्या. नंतर त्यांना विचारा, तिशीत पट्टी कोणती होती, आणि ही चाल कोणाकडून आली. ते दोन्ही लिहून ठेवा, खाली तारीख घाला, आणि एक प्रत मागे बसणाऱ्या त्या पंचविशीतल्या पोराला पाठवा.